ऑगस्टीन वाचायला घेताय? मग सुखापासून सुरू करा

तत्त्वज्ञानाच्या नेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती विचारवंताच्या नावापुढे एकच विषय दिलेला असतो: दुष्टतेचा प्रश्न, म्हणजे देव चांगला असताना जगात वाईट का. म्हणून एमएची मुलं ‘वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव’ हे वाक्य पाठ करतात, गुण पदरात पाडून घेतात आणि पुढच्या नावाकडे वळतात. परीक्षेपुरतं ते चालून जातं. पण आरंभीच्या ख्रिस्ती नीतिविचारावर प्रबंध करायचा असेल, तर आधी सुख वाचा, दुष्टता नंतर. सगळ्यांनाच सुख हवं असतं असं ऑगस्टीन धरून चालतो, म्हणून तर माणसं वाईट का निवडतात हा त्याच्यापुढे पेच होतो.

बहुतेक जण ‘कन्फेशन्स’ हे त्याचं आत्मकथन उघडतात. मी सांगेन, थोडं थांबा. ते पुस्तक प्रार्थनेच्या ओघात लिहिलेलं आहे. गोष्टीत आपण इतके रमतो की युक्तिवाद हातातून निसटतो. त्याऐवजी ‘दे बेआता वीता’, म्हणजे ‘सुखी जीवनाविषयी’, घ्या. छोटासा संवाद आहे, एका बैठकीत संपतो.

साल ३८६. मिलानमधली वक्तृत्वशास्त्राची नोकरी सोडायच्या बेतात असलेला ऑगस्टीन घरच्यांना आणि शिष्यांना घेऊन कासिकियाकुम या गावाकडच्या ठिकाणी राहिलाय. १३ नोव्हेंबरला त्याचा वाढदिवस. जेवण मुद्दाम हलकं ठेवलंय, कुणाला सुस्ती येऊ नये म्हणून. नंतर सगळे स्नानगृहात जाऊन बसतात. तो विचारतो: आपल्याला सुखी व्हायचंय ना? हो. मग हवं ते मिळालं की माणूस सुखी? त्यावर त्याची आई मोनिका म्हणते, चांगलं हवं असेल आणि ते मिळालं तर सुखी; वाईट हवं असेल, तर मिळूनही दुःखीच. तू तर तत्त्वज्ञानाचा गडच सर केलास, असं म्हणून लेक तिला दाद देतो आणि रोमन लेखक सिसेरोचं याच अर्थाचं म्हणणं ऐकवतो. तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं, मंडळी कुरणात जाऊन बसतात. तिथे ओराता नावाच्या गडगंज रोमनाची चर्चा निघते. त्याच्याकडे सगळं होतं, पण ते जाईल ही भीतीही होती. मोनिका पुन्हा नेमकं बोट ठेवते: ज्याअर्थी भीती होती, त्याअर्थी शहाणपणाची उणीव होतीच.

एवढं पचलं की ‘कन्फेशन्स’चा दुसरा भाग काढा. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेली नासपतीची चोरी. फळं ना दिसायला आकर्षक, ना चवीला. बरीचशी डुकरांपुढे टाकली. एका पोरकट चोरीसाठी एवढी पानं कशाला, असं वाटेल. पण त्याच्या हिशेबाने प्रत्येक गुन्ह्यामागे कुठल्या तरी छोट्या चांगल्याची ओढ असते. इथे ती सापडत नाही. एकटा असतो तर केली नसती, इथवर तो येतो, आणि तरी त्याचं समाधान होत नाही. तो अडखळतो ते हे ठिकाण माझ्या मते त्याच्या सिद्धान्तापेक्षा मोलाचं आहे.

सिद्धान्त सातव्या भागात येतो. चांगलं आणि वाईट या दोन झगडणाऱ्या शक्ती मानणाऱ्या मानीपंथात काढलेल्या जवळजवळ नऊ वर्षांत त्याने दुष्टतेला स्वतंत्र शक्ती मानलं होतं. आता तो म्हणतो, जे बिघडू शकतं त्यात काही तरी चांगलं असलंच पाहिजे, नाहीतर बिघडणार काय? पुढे ‘एन्किरिडिऑन’ या छोट्या पुस्तकात त्याने जखमेचा दाखला दिलाय: ती बरी झाली म्हणजे दुसरीकडे राहायला जात नाही, नाहीशी होते. आपल्याकडच्या वाचकाला इथे माया आठवते. तिला जरा बाजूला ठेवा. ऑगस्टीनचं जग खरं आहे, चांगलं आहे, आणि म्हणूनच प्रश्न बिकट आहे. त्याच्या आधीचा तत्त्वज्ञ प्लोटायनस याच्याशी त्याचं बिनसतं ते याच मुद्द्यावर: प्लोटायनस दुष्टतेचं मूळ जडद्रव्यात पाहतो, ऑगस्टीनला मात्र देवाने निर्मिलेलं द्रव्य वाईट म्हणवत नाही.

‘सिटी ऑफ गॉड’ हा त्याचा भलामोठा ग्रंथ सगळा वाचायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. फक्त एकोणिसावा भाग घ्या. त्यातला न्यायाधीश बघा. आरोपी निर्दोष आहे की नाही हे कळावं म्हणून तो त्याचा छळ करतो, आणि कधीकधी तो निर्दोषच निघतो. असा माणूस शहाणा असला तरी सुखी कसा म्हणायचा? कुरणातला आशावाद इथे उरलेला नाही. आयुष्याच्या शेवटाकडे, ४२७ च्या सुमारास, ‘रेत्राक्तातिओनेस’मध्ये जुनं लेखन तपासताना, या जन्मीचं सुख शहाण्याच्या आत्म्यात असतं असं आपण लिहिलं होतं, ते त्याने चूक ठरवलं. प्रबंधाला विषय शोधत असाल, तर ३८६ ते ४२७ मधली ही घसरण पुरेशी आहे. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो का, यावर पेलागियसशी झालेला वाद सध्या बाजूला राहू द्या. तो एकदा शिरला की सगळी जागा खाऊन टाकतो.

थोडं कामाचं. संदर्भ देताना पानाचा नको, भाग आणि परिच्छेदाचा क्रमांक द्या. आवृत्ती बदलली तरी तो सहसा बदलत नाही. लॅटिन येत नसेल तरी अडणार नाही, मात्र महत्त्वाच्या उताऱ्यांची दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. पुण्यात असाल तर नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीप या कॅथलिक संस्थेच्या ग्रंथालयात बाहेरच्यांना प्रवेश कसा मिळतो, याची चौकशी करा.

यानंतर बोएथियस. ५१० मध्ये कॉन्सुल, म्हणजे रोममधला मानाचा पदाधिकारी, झालेला हा तत्त्वज्ञ पुढे इटलीचा राजा थिओडोरिक याच्या कैदेत मृत्यूची वाट पाहत ‘तत्त्वज्ञानाचं सांत्वन’ लिहितो. तिसऱ्या भागात संपत्ती, पद, सत्ता, कीर्ती, देहसुख यांतलं एकेक तपासून तो बाजूला सारतो. चौथ्यात दुष्ट माणूस मुळात दुबळा असतो असं दाखवतो. आणि पाचही भागांत ख्रिस्ताचं नाव एकदाही येत नाही. हा लेखक ख्रिस्ती होता हे धरून त्याचं कारण काय असावं, यावर टीकाकारांचं वाचण्याआधी स्वतःची दोन पानं लिहून ठेवा.