टीका की चिथावणी? पोस्ट टाकण्याआधी मजकूर असा तपासा

मजकूर लिहून झाला की आधी वाक्यांतले कर्ते शोधा. ‘अमुक नगरसेवकाने पूरग्रस्तांचं अनुदान अडवलं’ यात कर्ता एक माणूस आहे आणि कृती नेमकी आहे. हाताशी कागद असेल तर बिनधास्त लिहा. ‘त्या जातीचे लोक असलेच’ यात मात्र अख्खा समाज आरोपी होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 196 (जुनं भादंवि 153-अ) इथेच लागू शकतं. धर्म, जात, भाषा, जन्मस्थान यांवरून तेढ वाढवल्यास 3 वर्षांपर्यंत, प्रार्थनास्थळी तसं केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आहे.

मग क्रियापदं पाहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये चर्चा, पुरस्कार (एखाद्या मताची बाजू मांडणं) आणि चिथावणी असा भेद केला. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी त्यांना संरक्षण आहे. ‘हा कायदा अन्यायी आहे, मोर्चाला या’ हे चालतं. ‘यांना गावात राहू देऊ नका’ हे काढाच, शब्द सौम्य करून भागत नाही.

‘भावना दुखावल्या’ एवढ्याने गुन्हा होत नाही, आणि हे लोकांना माहीत नसतं म्हणून पुष्कळ चांगलं लिखाण भीतीपोटी पुसलं जातं. धार्मिक भावनांच्या, न्याय संहितेतल्या कलम 299 ला जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतू लागतो. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसावर काय होईल हे पाहायचं, हळव्या किंवा जागोजागी वैर शोधणाऱ्या मनावर नव्हे, ही कसोटी तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयाने 1946 मध्येच घालून दिली. तिच्याच आधारे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावरचा व्हॉट्सअॅप स्टेटसचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये रद्द केला. कलम 370 हटवल्याचा त्यांनी निषेध केला होता.

तरी वेळ आणि जागा बघावीच लागते. परिसंवादातलं वाक्य दगडफेकीच्या संध्याकाळी गावच्या ग्रुपवर पडलं तर त्याचा अर्थ बदलतो. जुना फोटो आजचा म्हणून फिरवणं सर्वांत घातक, कारण कलम 353 खोटी माहिती आणि अफवांनाही लागतं. सद्हेतूने, खरं मानायला सबळ कारण असताना लिहिलं असेल तर त्याच कलमात अपवाद आहे. म्हणून माहिती कुठून आली, कोणत्या तारखेची, हे जपून ठेवा. ‘आलं तसं पाठवलं’ या ओळीने जबाबदारी सुटत नाही. सदस्याच्या पोस्टसाठी अॅडमिन मात्र, समान इरादा नसेल तर, दोषी ठरत नाही (मुंबई उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ, 2021).

तक्रार झालीच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 173(3) दाखवा. 3 वर्षं किंवा अधिक, पण 7 पेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. अभिव्यक्तीच्या प्रकरणांत हाच मार्ग योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये सांगितलं. शिवाय 196 आणि 299 खाली शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. नोटीस आल्यावर घाबरून पोस्ट पुसू नका. न्यायालय मजकूर सलग वाचतं, तेव्हा तो पूर्ण, तारीख-वेळेसह आणि खालच्या प्रतिक्रियांसकट जतन करून वकिलाकडे न्या.