बाई आल्या, मुलाला घेऊन गेल्या: समावेशक वर्गातल्या या चुका टाळा

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या मराठी शाळेत बीआरसीतून (तालुक्याच्या गट संसाधन केंद्रातून) बीआयईआरटी बाई, म्हणजे समावेशक शिक्षणाच्या फिरत्या शिक्षिका, येतात, दिव्यांग मुलाला व्हरांड्यात घेऊन बसतात, अर्धा-पाऊण तास काहीतरी करून घेतात आणि सही करून पुढच्या शाळेला जातात. वर्गशिक्षक त्या वेळात आत फळ्यावर गणित सोडवत असतात. दोघेही आपापले काम मनापासून करतात, मूल मात्र जागच्या जागी. बाईंच्या महिन्यात दोन फेऱ्या धरल्या, तरी उरलेले वीस-बावीस दिवस मूल तुमच्याच समोर असते. म्हणजे ती फेरी मुलापेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे.

४० मिनिटांची तासिका अशी वापरा. पहिली १५ मिनिटे बाईंनी मागे बसून, चालू पाठात मूल नेमके कुठे अडते ते पाहावे. पुढची १५ मिनिटे त्यांनी वर्गातच मुलाबरोबर काम करावे आणि तुम्ही बघावे. शेवटच्या १० मिनिटांत उद्यापासून कोण काय करणार ते दोघांनी एका वहीत लिहावे. ही वही वर्गातच राहते, बाईंच्या पिशवीत नाही.

दोनशिक्षकी शाळेत वेळ कुठून काढायचा? खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे एका खोलीत तीन-तीन इयत्ता बसवणाऱ्यांना हा प्रश्न पडणारच. नली-कलीचा (कार्डांवरून गटागटाने शिकण्याच्या कर्नाटकातल्या पद्धतीचा) वर्ग असेल तर बाकीची मुले कार्डांवर गटात कामाला लागली की १० मिनिटे निघतात. माध्यान्ह आहाराच्या वेळी बोलू, असे ठरवू नका. तेव्हा लक्ष ताटांवर असते. नली-कलीत एक उलटी चूकही होते: वर्ग शांत राहावा म्हणून विशेष गरजेच्या मुलाला कायम स्वयंअध्ययनाच्या गटात टाकतात. शिक्षकांची मदत ज्याला सगळ्यांत जास्त लागते, तेच एकटे कार्ड चाळत बसते.

उद्दिष्ट मोजता न येणे

‘वाचनात सुधारणा करणे’ हे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातले वाक्य वर्षभर कोणालाच चुकीचे ठरवता येत नाही. त्याऐवजी लिहा: दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत जोडाक्षर नसलेल्या १० शब्दांपैकी ८ बरोबर वाचेल, तेही तीन वेगवेगळ्या दिवशी. एका वेळी तीनच उद्दिष्टे पुरेत. तीन आठवड्यांत काहीच हलले नाही, तर मुलाला दोष देण्याआधी पायरी अर्धी करा.

कन्नड अडते, म्हणून अध्ययन अक्षमता?

सीमाभागातली ही सगळ्यांत महाग चूक, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. घरी मराठी बोलणारे मूल कन्नडच्या तासाला गप्प बसले की त्याच्यावर शिक्का बसतो. कधी खरी अडचण असलेल्या मुलाला ‘दोन लिप्यांमुळे गोंधळतंय, होईल हळूहळू’ म्हणून सोडून देतात.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग तीन नमुने गोळा करा: मराठीत १० शब्दांचे श्रुतलेखन, तितकेच कन्नडमध्ये, आणि मुलाने घरच्या बोलीत तोंडी सांगितलेली एखादी गोष्ट. मराठी इयत्तेप्रमाणे येते आणि फक्त कन्नड अडखळते, तर तो नव्या भाषेचा प्रश्न आहे. आधी बोलण्याचा सराव वाढवा. गोष्ट छान सांगतो, पण दोन्ही लिप्यांत अक्षरे गाळतो, उलटापालट करतो आणि महिनोन् महिने तेच चालते, तर तपासणीला पाठवा.

पाठवताना मूल मराठी माध्यमाचे आहे हे आधी कळवा. सोबत मराठी पाठ्यपुस्तक, दोन भरलेल्या वह्या आणि मराठी-कन्नड दोन्ही येणारे कोणीतरी असू द्या. नाहीतर प्रश्न कन्नडमध्ये विचारले जातात, मूल बावरते आणि अहवालात ‘प्रतिसाद कमी’ एवढेच उमटते. वाचा-उपचाराचेही तसेच. तिथे ‘नीरु’चा सराव आणि घरी, वर्गात सगळे ‘पाणी’ म्हणणार! शब्दांची यादी मराठीत मागून घ्या.

श्रवणयंत्र आहे, पण चालू आहे का?

रोज सकाळी दोन मिनिटे. मुलाच्या मागे उभे राहून आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज नेहमीच्या स्वरात, क्रम बदलून काढा. मुलाने ते परत म्हणायचे. कालपर्यंत ऐकू येणारा आवाज आज चुकला, तर आधी सेल बदला. नव्या झिंक-एअर सेलचे स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच तो बसवा, कारण हवा आत गेल्यावरच तो जागा होतो. खानापूरच्या पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब साचून आवाज बंद पडतो. रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डबीत ठेवायला पालकांना सांगा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. हे साधे वाटते, पण सर्वाधिक मोडले जाते.

कागद शेवटी काढणे

यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या ओळखपत्राचे) अर्ज बहुधा नावावर अडकतात. ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत मराठी वळणाने डीएनने लिहितात, कन्नड वळणाने जेएनने. आधार आणि शाळेचा दाखला पहिलीतच जुळवून घ्या. गावच्या पंचायतीतले पुनर्वसन कार्यकर्ते यात मदत करतात.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. भाषेची सूट घाईने घेऊ नका. कर्नाटकात राहायचे तर तोंडी कन्नड लागतेच, म्हणून लेखी सूट घेतली तरी बोलण्याचा तास सोडवू नका. लेखनिकाचे दहावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांशी बोला. तो मराठी लिहिणारा हवा आणि सराव परीक्षेत त्याच मुलाबरोबर निदान दोन पेपर बसलेला हवा, म्हणजे ‘स्वल्पविराम दे’ म्हटल्यावर तो शब्दच लिहून टाकणार नाही.