पिकअपचं स्टेअरिंग कण्हायला लागलं तेव्हा

नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला जाणारी माझी पिकअप. महिनाभर स्टेअरिंग पूर्ण वळवलं की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायचा, आणि सकाळी तर स्टेअरिंग नुसतं जड. गॅरेजवाला न बघताच म्हणाला, "पॉवर स्टेअरिंगचा पंप गेला." (तेलाच्या दाबाने स्टेअरिंग हलकं करतो तो.) म्हटलं, थांब जरा.

घरी स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं. तेल खालच्या खुणेच्याही खाली, आणि लाल तेलावर गुलाबी फेस. फेस म्हणजे कुठूनतरी हवा शिरतेय. रात्री खाली पुठ्ठा अंथरला. सकाळी रुपयाएवढाच डाग. त्याच्या बरोबर वर डबीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप. बोटांनी दाबला तर क्लिपजवळ कडक, तडकलेला. बंद गाडीत तिथून गळायचं, चालू गाडीत हवा ओढली जायची.

तेलाला टिकणारा पाइप घेतला (पाण्याचा लावू नका, फुगतो), क्लिपा नव्या, झाकणावर लिहिलेलंच एटीएफ (हेच ते लाल तेल). मग आतली हवा काढायला पुढची चाकं उचलून स्टँडवर, इंजिन बंद, आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा. पोरगा तेल ओतत होता, निम्मं चपलेवर. बुडबुडे थांबले तेव्हाच स्टार्टर मारला.

आठवडा झाला, पातळी हललेली नाही. पुठ्ठा अजून खालीच आहे.