अमेरिकन अभिजात साहित्याची उजळणी करताना या चुका टाळा

परीक्षा जवळ आली की अमेरिकन साहित्याच्या पेपरसाठी बहुतेक विद्यार्थी मूळ पुस्तक मिटून ठेवतात आणि सारांश, गाईड व जुन्या नोट्स यांवरच उजळणी करतात. उत्तरपत्रिकेतल्या बहुतांश चुका तिथेच जन्म घेतात. सारांशातून कथानक कळते. परंतु ते कोण सांगत आहे, कोणत्या सुरात सांगत आहे आणि सांगताना काय झाकून ठेवत आहे, हे कळत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लेखक आणि निवेदक यांना एकच समजणे. मार्क ट्वेनची हकलबरी फिनवरील कादंबरी घ्या. तिच्या एकतिसाव्या प्रकरणात, पळून आलेला गुलाम जिम कुठे आहे हे कळवणारे पत्र हक जिमची मालकीण मिस वॉटसन हिला लिहितो. पत्र लिहून झाल्यावर आपण पापातून सुटलो असे त्याला वाटते. मग नदीवरच्या प्रवासात जिमने लावलेली माया, हकच्या वाटणीचा पहारा स्वतः देऊन त्याला झोपू देणे, हे सारे त्याला आठवू लागते आणि ‘ठीक आहे, मग मी नरकात जाईन’ असे म्हणून तो ते पत्र फाडून टाकतो. या प्रसंगावर ‘हकला गुलामगिरी अन्यायकारक असल्याचे पटते’ असे उत्तर सर्रास लिहिले जाते, आणि ते चुकीचे आहे. हकला तसे काहीच पटलेले नाही. आपण पाप करत आहोत, अशीच त्याची प्रामाणिक समजूत आहे. तो योग्य तेच करत आहे हे वाचकाला दिसते, त्याला स्वतःला दिसत नाही. ड्रॅमॅटिक आयरनी आहे ती या अंतरात. म्हणून आयरनीवरील प्रश्न आला, की संज्ञा लिहिण्यापूर्वी पात्राला काय ठाऊक आहे आणि वाचकाला काय ठाऊक आहे, हे कच्च्या कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावे. दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या, तर तिथे ड्रॅमॅटिक आयरनी नाही.

याच कादंबरीबाबत काळाचाही घोळ होतो. ती इंग्लंडमध्ये १८८४ साली आणि अमेरिकेत १८८५ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीच, १८६५ साली, तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली होती. कथा मात्र यादवी युद्धाच्या आधीची आहे. म्हणजे ट्वेन चालू कायद्यावर टीका करत नसून कायदा गेल्यावरही शिल्लक राहिलेल्या मनोवृत्तीकडे पाहत आहे. आर्थर मिलरच्या ‘द क्रुसिबल’चे तसेच आहे. नाटक १६९२ सालच्या सेलममधल्या चेटूक-खटल्यांवर बेतलेले असले, तरी ते १९५३ साली, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसांच्या चौकश्या चालू असताना रंगभूमीवर आले. शिवाय मिलरने इतरांवर चेटकाचे आरोप करणाऱ्या अ‍ॅबिगेलचे वय वाढवले आहे, त्यामुळे या नाटकातले तपशील इतिहास म्हणून उद्धृत करू नयेत. प्रत्येक कृतीसमोर लेखनकाळ आणि कथाकाळ असे दोन आकडे लिहून ठेवण्याची सवय या घोळावर पुरेशी आहे.

प्रतीकांच्या बाबतीत ठरावीक अर्थ पाठ करणे घातक ठरते. फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’मधला हिरवा दिवा म्हणजे आशा, एवढेच लिहून अनेक जण थांबतात. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी गॅट्सबी अंधारात पाण्याकडे हात पसरून त्या दिव्याकडे पाहतो, तेव्हा हा अर्थ शोभतो. पाचव्या प्रकरणात मात्र ज्या डेझीची त्याला ओढ आहे ती त्याच्या शेजारी उभी असते आणि त्या दिव्याचे भारलेपण ओसरल्याचे निवेदक निक नोंदवतो. हवे ते हाताशी आले आणि दिवा नुसता दिवा उरला! माझ्या मते फिट्झजेराल्डची खरी करामत या छोट्याशा नोंदीत आहे. त्यामुळे प्रतीक जिथे जिथे येते त्या सर्व जागा शोधाव्यात आणि अर्थ कुठे बदलतो ते पाहावे.

रॉबर्ट फ्रॉस्टच्या ‘द रोड नॉट टेकन’ची गत सर्वांत वाईट आहे. कमी वापरातली वाट निवडा, हा संदेश सांगून विद्यार्थी मोकळे होतात. पण दुसऱ्या कडव्यात दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच झिजल्या होत्या असे निवेदक सांगतो आणि तिसऱ्यात, त्या सकाळी दोन्हींवर पडलेली पाने अजून कोणी तुडवली नव्हती, असेही म्हणतो. ‘मी कमी वापरातली वाट धरली’ हे वाक्य शेवटच्या कडव्यात येते, तेही पुढे कधीतरी सुस्कारा टाकून आपण असे सांगू, अशा भविष्यकाळी क्रियापदानंतर. तो काळ नजरेतून सुटला की सारी कविता हातची जाते.

वॉल्ट व्हिटमन म्हणजे मुक्तछंद हे समीकरणही तपासून घ्यावे. लिंकनच्या हत्येनंतर १८६५ साली लिहिलेल्या ‘ओ कॅप्टन! माय कॅप्टन!’मध्ये पहिल्या दोन ओळी ‘डन’ आणि ‘वन’ अशा यमकावर संपतात. कवितेत लिंकनचे नाव नाही. कप्तान म्हणजे लिंकन, जहाज म्हणजे देश आणि प्रवास म्हणजे युद्ध, असे रूपक कवितेभर चालते. तिथे ‘उपमा’ लिहिल्यास गुण जातात, कारण ‘सारखा’ किंवा ‘जसा’ असा तुलनेचा शब्द तिथे नाही.

आता स्वतःच्या इंग्रजी लेखनातले व्याकरण. कथानक सांगताना इंग्रजीत वर्तमानकाळ वापरतात आणि लेखकाच्या आयुष्याबद्दल भूतकाळ. आपल्याला गोष्ट भूतकाळात सांगण्याची सवय असल्याने एकाच परिच्छेदात दोन्ही काळ मिसळतात. लिहून झाल्यावर केवळ क्रियापदे अधोरेखित करून वाचल्यास ही चूक चटकन सापडते. हकच्या तोंडचे ‘ऐन्ट नो मॅटर’ उद्धृत करताना त्यातला दुहेरी नकार दुरुस्त करू नये, कारण ती बोली ट्वेनने जाणीवपूर्वक घडवली आहे. मात्र त्या अवतरणाभोवतीचे आपले वाक्य प्रमाण इंग्रजीतच हवे. तसेच ‘वॉकिंग थ्रू द वुड, टू रोड्स अपिअर’ अशा वाक्यात चालणारा कोण, हे स्वतःला विचारावे. त्या रचनेत रानातून चालत आहेत त्या वाटा. म्हणून स्वल्पविरामानंतर लगेच ‘द स्पीकर’ हा कर्ता यायला हवा.