घरच्यांना घेऊन गळ टाकायला कधी जावं? महिना नंतर बघा, आधी पाण्याची पाळी विचारा

तळ्यावर मासे धरायला कधी जावं असं विचारलं की दहातले नऊ जण सांगतात, जून. मृगाचा पाऊस, नवं पाणी, चढणीचा मासा. खोटं नाही ते. पण जूनमध्ये मासा लागतो तो पायात गमबूट घालून निसरड्या दगडावर एकट्यानं दोन तास उभं राहणाऱ्या गड्याला. बरोबर सहा वर्षांचं पोर, गुडघे धरलेल्या सासूबाई आणि पिठलं-भाकरीची पिशवी असेल, तर जूनचा सल्ला देणाऱ्याला आधी तीच पिशवी घेऊन चिखलातून चालायला लावावं. शिवाय त्या दिवसांत रोहू-कटल्याच्या माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात. त्याच धरून आणल्या तर पुढं काय?

माझं माहेर वाळवा तालुक्यात, सासर साताऱ्यात. गळ लावायला वडिलांनी वारणेच्या काठावर शिकवलं. आता नवरा, दोन मुलं आणि आत्या (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात) असं सगळं बिऱ्हाड घेऊन मी वर्षाकाठी सात-आठ वेळा तरी जाते. आमचा हंगाम दिवाळी झाली की सुरू होतो आणि होळीला संपतो. पण एवढं वाचून उठू नका, कारण या चार महिन्यांतसुद्धा निम्मे दिवस वाया जाणारे असतात.

आधी घरचं कॅलेंडर

घरात चातुर्मास पाळत असतील तर आषाढी ते कार्तिकी विषयच नाही. बाकीच्यांनी श्रावण, गणपती, नवरात्र वगळा. मार्गशीर्षातले गुरुवार वगळा. काही घरांत तो अख्खा महिना मासळी बंद असते, आणि तो नेमका आपल्या हंगामात येतो. हे आधी बघितलं नाही तर धरलेला मासा शेजारी वाटत बसाल. गटारीच्या आठवड्यात आणि ३१ डिसेंबरला तळ्याकडे फिरकूच नका. काठावर काचा असतात आणि पोरं अनवाणी पळतात.

तळं पश्चिमेचं की पूर्वेचं

धोम, कण्हेर, उरमोडी ही पश्चिमेकडची धरणं सह्याद्रीच्या पावसावर भरतात. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला तुडुंब. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत इकडचे तलाव परतीच्या पावसाची वाट बघतात, नाहीतर टेंभू-म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी पोचेल तेव्हा भरतात. त्यामुळे धोमला नोव्हेंबर बरा म्हणून जतलाही बरा, असं होत नाही. पूर्वेकडे भरल्या तलावावर पाणी निवळायला दोन-तीन आठवडे द्या आणि माघापर्यंत उरकून घ्या. मार्चमध्ये तिथं डबकं उरतं, पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, बघा किती मासा आहे! तो मासा खायला वर आलेला नसतो, पाण्यात प्राणवायू कमी पडल्यानं धापा टाकत असतो.

कास तलाव सोडा, ते साताऱ्याचं पिण्याचं पाणी आहे. मायणीचा तलाव पक्ष्यांसाठी सोडा. कोयना आणि चांदोलीचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथं परवानगीशिवाय काठी उघडायची नाही.

पावसाळा आणि उन्हाळा

पावसाळ्याचं वर सांगितलं. उन्हाळ्यात मासा लागतो, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला. मधले आठ तास पोरांना कुठल्या सावलीत ठेवणार? उघड्या पडलेल्या धरणाच्या पोटात झाड नसतं. एप्रिल-मे महिन्यात चारनंतर वळीव येतो, आणि हल्ली सगळ्यांकडे कार्बनच्या काठ्या आहेत. कार्बनमधून वीज वाहते. गडगडलं की काठी खाली ठेवायची आणि गाडीत जाऊन बसायचं. एक मासा लागू दे मग जातो, असं म्हणणाऱ्याच्या बरोबर मी मुलं पाठवत नाही.

पाण्याची पाळी, म्हणजे खरी अडचण

इथं मी तीन हंगाम आपटले, म्हणून सावकाश सांगते.

धरणाला आपण तळं म्हणतो, पण ती शेताची टाकी असते. तिला खाली तोटी आहे. रब्बीत कालव्याला पाणी सुटतं, त्याला सरकारी भाषेत आवर्तन म्हणतात, गावात पाळी किंवा रोटेशन. पाळी चालू असली की पातळी रोज उतरते. काठ लांबट उताराचा असेल तर पाणी हातभर उतरल्यावर काठ वीस पावलं मागं जातो. मासा हे आपल्या आधी ओळखतो. पातळी चढत असेल तर नव्यानं भिजलेल्या जमिनीवरचे किडे-गांडुळं खायला तो काठाशी येतो. पातळी उतरायला लागली की उथळ पाणी सोडून आत खोलात जातो. आपण काठावरून टाकणार, आपला गळ जाणार पंधरा-वीस मीटर, आणि मासा तिथं नसणार. मग लोक आमिष बदलतात, तंगूस (गळाची दोरी) बदलतात, महिन्याला नावं ठेवतात.

माझंही तेच झालं. फेब्रुवारी सगळ्यात छान असं एका व्हिडिओत ऐकून आम्ही मेढ्याच्या रस्त्याला कण्हेरच्या पाण्यावर गेलो. हवा सुंदर, ऊन कोवळं, चार काठ्या लावल्या. चार तासांत एकही टोचणी नाही. कंटाळून धाकटा काठाकाठानं शंख-शिंपले गोळा करत निघाला आणि पन्नास पावलांवर गुडघ्यापर्यंत गाळात गेला. वरून गाळ पापडासारखा वाळून भेगाळलेला, आणि खाली नुसतं श्रीखंड. मी धावत त्याच्याकडे गेले आणि माझाही पाय रुतला. शेजारी गाळपेरीत (पाणी हटल्यावर गाळावर घेतलेल्या पिकात) हरभरा उपटत असलेल्या दादांनी कडब्याची पेंढी आणून आडवी टाकली, पोराला तिच्यावर मागं रेलायला लावलं, पाय हळूहळू हलवत मोकळा केला. सरळ वर ओढला असता तर गाळानं आणखी धरलं असतं. चप्पल तिथंच राहिली. ते म्हणाले, “ताई, पाळी सुटून चार दिवस झाले, तुम्ही आता कशाला आला?”

चार दिवस! आणि मी पंचांगातला महिना बघून आले होते.

तेव्हापासून आमच्या घरात तारीख अशी ठरते. पावसाळा संपल्यावर कालवा सल्लागार समितीची बैठक होते, रब्बीची आवर्तनं ठरतात आणि पेपरात बातमी येते. ते कात्रण मी फ्रिजवर लावते. पण कागदावरची तारीख आणि खरी तारीख यात आठवड्याचा फरक सहज पडतो, म्हणून त्या भागातल्या पाटकऱ्याला विचारायचं. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं फिरवणारा माणूस. धरणाबद्दल इंटरनेटवरच्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा त्याला जास्त कळतं. जोडीला तीन दिवसांचा पाणीसाठा बघायचा; जलसंपदा विभाग रोज आकडे देतो. सांगलीकरांना हे शिकवायला नको. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे तिथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. तीच नजर हिवाळ्यात धरणाकडे वळवा. आकडा तीन दिवस जागच्या जागी असेल तर जा. रोज घसरत असेल तर नका जाऊ, मग तो नोव्हेंबर असो की फेब्रुवारी.

काठावर पोचल्यावर परत एकदा खात्री करा. पाणी आठवडाभर एका जागी थांबलं असेल तर लाटांनी काठाला बोटभर उंचीचा कंगोरा कापलेला दिसतो आणि त्याला लागून काड्या, फेस, शिंपल्या यांची रेघ असते. पाणी उतरत असेल तर रेघ नसते, नुसता गुळगुळीत, चकचकीत गाळ असतो. त्या गाळात परातीएवढे गोल खड्डे दिसले तर ती चिलापी (तिलापिया) माशाची घरटी. खड्डे पाण्याबाहेर उघडे पडलेत म्हणजे पाणी नुकतंच गेलंय. सामान गाडीतून काढायच्या आधी हे बघा. एकदा चटई पसरली, डबे उघडले की कोणीही परत फिरत नाही, हा मानवी स्वभाव.

पाळी बंद झाली म्हणून लगेच दुसऱ्या दिवशीही जाऊ नका. मी चार दिवस थांबते. तोवर पाणी स्थिरावतं, मासा परत काठाच्या अंगाला सरकतो. आणि बसायचं मुरमाड काठावरच. गाळ कितीही वाळलेला दिसला तरी त्यावर मुलांनी पाय ठेवायचा नाही, हा आमच्याकडे कायदा आहे. गाळपेरीच्या पिकातून वाट काढायची नाही, बांधानं जायचं. धरणाच्या खालच्या नदीपात्रात तर कधीच बसू नका. दार उघडलं की तिथं पाणी चढायला वेळ लागत नाही.

एवढी उठाठेव नको असेल तर एखादा पाझर तलाव गाठा. त्याला कालवा नसतो, पातळी सावकाश उतरते, मासा लहान असतो. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलांना तेवढं पुरतं.

दिवसाची वेळ

पहाटेच मासा लागतो, हा उन्हाळ्यातला सल्ला लोक डिसेंबरातही देतात. थंडीत गार पाण्यात मासा सुस्तावतो, चिलापी तर जास्तच. पोरांना साडेचारला उठवून, कुडकुडत नेऊन काही मिळत नाही. दहाला पोचा, चारला आवरा. ऊन पडलेला, वारा न लागणारा उथळ कोपरा निवडा. दुपारी तेच पाणी आधी कोमट होतं. थंडीत आमिष छोटं ठेवा, गांडुळाचा तुकडा कणकेच्या मोठ्या गोळीपेक्षा बरा.

माझं मत विचाराल तर या चार महिन्यांतले दोनच तुकडे खरे: कार्तिकातले शेवटचे दहा-बारा दिवस, आणि संक्रांत होऊन गेल्यावर पाळ्यांच्या मधली फट. पहिल्यात पाणी अजून भरलेलं आणि अंगात ऊब असलेलं असतं. दुसऱ्यात ऊब परत येत असते, चिलापी काठाला येते आणि मुलांच्या हातालाही काहीतरी लागतं.

बाकीचं

बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. राखणदाराला आधी विचारा, मासा त्यांच्या काट्यावर तोला, पैसे द्या. वीतभर मासा परत पाण्यात. मुलांना लाइफ जॅकेट, काठावर बसलेली असली तरी. जवळच्या झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ आहे का बघा. असेल तर चूल पेटवू नका, अत्तर-सेंट लावून येऊ नका, खरं तर दुसरी जागा बघा.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी परत फोन. गेल्या जानेवारीत डबे भरून झाले होते, आत्यांनी मसाला वाटून ठेवला होता, मी सहज म्हणून फोन लावला. पाटकरी म्हणाला, “ताई, आज रात्रीच सुटतंय.” धाकट्यानं तोंड फुगवलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून अर्धा किलो मरळ आणली, वाटलेला मसाला कामी आला, आणि तळ्यावर आम्ही पंधरा दिवसांनी गेलो.