हंपीत ग्रेडवरून वाद झाला तर

हंपीच्या ग्रॅनाइटवर बोल्डरिंगची (दोराशिवाय छोट्या खडकांवर चढण्याची) ग्रेड, म्हणजे चढाई किती अवघड ते, ठरवायची असेल तर आधी वेळ बघा. दुपारी तापलेल्या दगडावरून घामेजलेली बोटं सुटतात आणि व्ही ४ सुद्धा व्ही ६ वाटायला लागतो (आकडा मोठा तितकी चढाई अवघड). तोच प्रॉब्लेम, म्हणजे चढाईचा मार्ग, सकाळी सातला करून बघा.

मग सुरुवात बसून की उभ्याने, ते ठरवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

माझी उंची पाच फूट एक इंच. उंच मित्र जो होल्ड (हाताची पकड) नुसता हात लांबवून धरतो, तिथे मला टाच कडेला अडकवून मधल्या नखाएवढ्या कपचीवर दोन बोटं रोवावी लागतात. म्हणून ग्रेडसोबत आपली उंचीही सांगा, अगदी न विसरता.

फ्रान्समधल्या फाँटेनब्लोच्या ग्रेड-पद्धतीतली ६बी म्हणजे साधारण व्ही ४. निघताना चॉकच्या (हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीच्या) खुणा ब्रशने पुसून टाका.