उघड्या टाकीला झाकण: थंडीत काच, उन्हाळ्यात जाळी

अंबाजोगाईत आमचं काच आणि फोटो फ्रेमचं दुकान आहे. योगेश्वरीचे फोटो, लग्नाचे फोटो, हार घालायचे फोटो, हे रोजचं काम. गेल्या काही वर्षांत एक नवं गिऱ्हाईक यायलंय. वरून पट्टी नसलेली, दिसायला देखणी माशांची उघडी टाकी शहरातून आणतात, महिन्याभरानं मोबाईलमध्ये मापं घेऊन येतात आणि म्हणतात, “मामा, ह्याला झाकण करून द्या.” मी लगेच काच कापत नाही. आधी विचारतो, मासे कोणते, टाकीवर पंखा येतो का, आणि पाणी नळाचं की बोरचं?

माझी टाकी तीन फुटी आहे, रुंदी आणि उंची पंधरा-पंधरा इंच. पहिलं वर्षभर मी ती उघडीच ठेवली होती. काचेचा धंदा असून! मग एका पहाटे सडा टाकायला उठलेली आई ओरडली, “ही मुंग्यांची रांग कशाची लागली बग रे.” रांग कपाटामागं जात होती आणि तिथं माझी मोतिया गुरामी वाळून पडलेली. मासे बहुतेक रात्री उडतात. दिवा एकदम बंद झाला, दुसरा मासा मागं लागला, पाणी खराब झालं, एवढं कारण पुरतं. बार्ब, डॅनिओ, फायटर, किली, हॅचेट, लोच ही उडणारी जात. आपल्याकडचं मरळ कुणी हौसेनं पाळलं असेल तर नुसतं झाकून भागत नाही, वर वजन ठेवावं लागतं. ते डोक्यानं काच उचलतं. याशिवाय भिंतीवरची पाल आणि शेजाऱ्याची मांजर आहेच.

त्या दिवशी मी घाईत चूक केली. काच जड म्हणून तीन मिलिमीटरचं ॲक्रिलिक कापून टाकलं. ॲक्रिलिकची खालची बाजू वाफेनं ओल धरून फुगते, वरची कोरडी राहते, म्हणून पत्रा वाकतो. महिन्यात माझं झाकण पापडासारखं वळलं आणि कोपऱ्यात बोटभर फट पडली. हलकंच पाहिजे असेल तर गच्चीवरच्या शेडला लावतात तो दोन पदरी पॉलिकार्बोनेटचा पत्रा बरा. तो एवढा वाकत नाही, ऊबही धरतो. फक्त कडेची भोकं टेपनं बंद करा, नाहीतर आत शेवाळ चढतं. पण दिसायला तो गोठ्याच्या छपरासारखाच दिसतो, हे आधीच सांगून ठेवतो.

काच घ्यायची तर साधी चार मिलिमीटरची. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरतं. त्या हिशोबानं माझ्या टाकीचं अखंड झाकण साडेतीन किलोचं होतं. ओल्या हातानं रोज साडेतीन किलो काच उचलायची नाही. म्हणून दोन तुकडे करा, दीड-दीड फुटाचे. माप टाकीच्या आतून घ्या, आणि एकाच जागी घेऊ नका: दोन्ही टोकांना आणि मध्ये. टाक्या क्वचितच काटकोनात असतात. सगळ्यांत कमी भरेल ते माप धरा आणि प्रत्येक बाजूनं दोन-तीन मिलिमीटर सोडा. मागचा एक कोपरा फिल्टरच्या पाइपसाठी, पुढचा खायला टाकण्यासाठी कापून घ्या. काठ घासून बोथट करून घ्या, त्याचे वेगळे पैसे मागितले तरी द्या. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच मागवणार असाल तर कोपरे, भोकं सगळं आधी ठरवा. एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, हिरा लावला की चुरा होतो.

काच बसवायची कुठं, यात बहुतेक जण फसतात. टाकीच्या काठावर नुसती टेकवली तर वाफेचं पाणी काचेखालून सरकत बाहेर येतं आणि टाकीच्या अंगावर चुन्याचे ओघळ उठतात. काठापासून इंचभर खाली, आतल्या बाजूला, पुढं-मागं काचेच्या बारीक पट्ट्या सिलिकॉननं चिकटवा आणि झाकण त्यावर ठेवा. थेंब परत टाकीतच पडतात. चिकटवायला पाणी उतरवावं लागेल, आणि सिलिकॉन वाळायला दोन दिवस द्या. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका, त्यातलं औषध माशांना बाधतं.

इथपर्यंतचं कुठल्याही गावाला लागू आहे. आता आपल्याकडचं.

एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसवर असताना काचेनं टाकी झाकली तर पाणी तापतं आणि थंड व्हायला वाट राहत नाही. पाणी थंड होतं ते उडण्यानं, माठासारखं. उघड्या पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. काच लावली की ती वाट बंद. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, त्यात दुपारी लाइट गेली की फिल्टरही थांबतो. म्हणून होळी झाली की मी काच काढून जाळी लावतो.

जाळीला पाणी उडण्याची किंमत मोजावी लागते. माझ्या टाकीचं पाणी एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे साडेतीन लिटर गेलं. मे महिन्यात पंख्याखाली रोज पाऊण सेंटिमीटर उतरतं, म्हणजे आठवड्याला अठरा लिटरच्या आसपास. 2016 ला धनेगावचं धरण आटलं, तिकडं लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आठवलं की हा आकडा डोळ्यांत खुपतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागं राहतात. आपलं बोरचं पाणी आधीच जड. उडालेल्याच्या जागी तेच टाकत राहिलात आणि पाणी बदललंच नाही, तर दोन महिन्यांच्या आत टाकीतले क्षार दुप्पट होतात. भर घालायची ती आरओच्या किंवा धरून ठेवलेल्या पावसाच्या पाण्यानं. रोज थोडी घालायची, एकदम बादली नाही. एवढं पाणी जमणार नसेल तर एक तुकडा काच, एक तुकडा जाळी असं अर्धं-अर्धं करा. माझ्या मेहुण्यानं केलंय, चालतंय.

जाळीची चौकट आपल्या सरकत्या खिडक्यांवाल्याकडं होते. खिडकीच्या जाळीला वापरतात तोच ॲल्युमिनियमचा सेक्शन, खाचेत रबर दाबून. जाळी मात्र त्याची घेऊ नका. डासांची जाळी फार बारीक असते, उजेड अडवते आणि आठवड्यात धुळीनं भरते. मी डाळिंबाच्या बागेवर गारपिटीसाठी टाकतात त्या पांढऱ्या प्लास्टिक जाळीचा तुकडा आणला. उन्हाला टिकणारी, स्वस्त, पाहुण्याच्या शेतात उरलेली. हिरवं शेडनेट नको, टाकीतली झाडं पिवळी पडतील. भोक माशाच्या डोक्याहून लहान पाहिजे, एवढंच बघा. कूली लोचसारखा दोऱ्याएवढा मासा असेल तर फार काटेकोर बघा. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी तर अजिबात नको. तिचं गंजलेलं, जस्ताचं पाणी टाकीत ठिबकतं, आणि झिंग्यांना ते विष आहे.

एक गोष्ट जाळी अडवत नाही: फवारा. डासांच्या, झुरळांच्या औषधातले घटक माशांना फार घातक असतात. घरात फवारणी करायची तर त्या दिवसापुरती काच लावा, वर ओलं धोतर टाका आणि हवेचा पंप बंद ठेवा, नाहीतर तोच खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. अशा वेळी फायटर आणि गुरामीसाठी पाणी आणि काचेमध्ये दोन इंच जागा राहू द्या, ते वर येऊन श्वास घेतात.

दिवाळीनंतर पहाटेचं पाणी हाताला गार लागलं की मी जाळी धुऊन माळ्यावर टाकतो. परभणीकडं पारा एक आकडी होतो, आमच्या घाटमाथ्यावरही कमी नसतं. काच असली की हीटर कमी वेळ चालतो. काचेवर साचलेला पांढरा थर लिंबाच्या फोडीनं निघतो, ती घासून, साध्या पाण्यानं धुऊन मग बसवायची.

आई अजून विचारते, “कामून झाकायलास, गुदमरतील की.” मी कापलेला कोपरा दाखवतो. तिला पटत नाही, पण खायला टाकते त्याच कोपऱ्यातून.